स्टँड बाय

नववी ब, शेवटचा तास.
खाडीवरून फेरीचा भोंगा येतो
आणि अर्धा वर्ग मनानं दाभोळला उतरतो.
तेवढ्यात मानसी वणकर उभी राहिली,
'बाई, स्टँड बाय म्हणजे काय?'

कोश उघडून मी फळ्यावर लिहिलं:
पाठीशी उभं राहणं.
त्याखाली, तयारीत राहणं.
त्याखाली, दिल्या शब्दाला धरून राहणं.
मग खडू जरा अडला, तरी लिहिलंच:
काही न करता नुसतं बघत राहणं.
'पाठीशी पण आणि नुसतं पण?
एकाच शब्दात कसं, बाई?'
मी म्हटलं, इंग्रजीत असं असतं.
हे उत्तर आम्ही शिक्षक रुमालासारखं जवळ बाळगतो.

माझे बाबा, याकूब खलफे, मालबोटीवर ग्रीझर.
शिक्षण चौथी. पण हा शब्द त्यांना माझ्या आधी येत होता,
'श्टॅनबाय', एका दमात, मधे जागा न सोडता.
बंदर जवळ आलं की इंजिनरूममध्ये घंटी व्हायची,
पितळी काटा फिरून त्या शब्दावर थांबायचा.
'मग तुम्ही काय करायचं, बाबा?'
'काय नाय करायचा. हात व्हॉल्वावर ठेवायचा
नि काट्याकडं बघायचा.'
'किती वेळ?'
'वरना सांगतील तवर.'

कंपनीचं बोलावणं नसलं की ते घरी असत.
कोणी विचारलं तर आय सांगायची,
'सध्या श्टॅनबाय हायत.'
मला वाटायचं, हा कसलासा सण आहे:
बाबा पडवीत, दुपारी सगळे एका ताटाभोवती.
त्या दिवसांत तांदूळ उधारीचा असायचा
हे पुष्कळ नंतर कळलं.
आणि बाबा अकरा अकरा महिने पाण्यावर असताना
आय जी काय होती,
त्याला कंपनीनं शब्दच दिलेला नव्हता.

मी सहावीत होते.
नवरात्रातली रात्र, वारा फिरलेला.
अंजनवेलच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी
मधू वणकरचा मचवा पलटला.
तिघे होते. दोघे वेलदूरच्या अंगाला लागले.
जेटीवर सगळा गाव:
कंदील, बॅटऱ्या, कोणाच्या तरी मोटारसायकलचा दिवा.
मी आयच्या मागे. मला दिसत होत्या त्या पाठी.
भिजलेले सदरे, बनियनी, एखादी घोंगडी,
अंधारात सगळ्या पाठी सारख्याच.
त्यातली एक बाबांची.

आयचा हात सोडून मी बाजूनं पुढे गेले
तेव्हा त्यांच्या मुठीभोवतीचा दोर दिसला.
तीन वेढे. दुसरं टोक खुंटाला.
डोळे पाण्यावर, पापणीसुद्धा नाही.
शेजारचा माणूस विडी ओढत होता,
त्याचेही डोळे पाण्यावरच.

फटफटेपर्यंत पाण्यातून हाक आली नाही.
दोर कोरडाच राहिला.
बाबांनी तो सोडवला, बोटीवर घालतात तशी
गोल गोल गुंडाळी घातली,
आणि चहाला नको म्हणाले.

पुढे बाजारात कोणीसं बोललं,
'खलफे पण व्हता की तिथं. उभाच व्हता.'
बाबांनी ते ऐकलं.
मासळीचे पैसे मोजून दिले, पिशवी उचलली.
तळहातावरचा वळ दाखवला नाही,
तो माझ्याशिवाय कोणी पाहिला असेल असं वाटत नाही.

मानसीनं चारही अर्थ वहीत उतरवून घेतलेत.
शेवटच्यापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.
तिच्या घरी भिंतीवर हार घातलेला एक तरुण फोटो आहे,
मी पालकभेटीला गेले होते तेव्हा पाहिला.
'परीक्षेत कुठला लिहायचा, बाई?'
'वाक्य बघून ठरव,' मी म्हणते.
'आणि वाक्यातला माणूस
पाठमोरा दिसत असेल तर
जरा बाजूला जाऊन बघ.'
ती हे वहीत लिहीत नाही. बरोबरच आहे,
हे कुठल्या कोशात नाही.

घंटा होते. दप्तरं, चपला, धूळ.
खिडकीतून खाली धोपाव्याची जेटी दिसते.
फेरी लागते आहे, अजून चार हात पाणी मधे.
रॅम्पच्या साखळीवर हात ठेवून
एक पोरगा उभा आहे,
काही करत नाही.